तेलाचा एक थेंब

३१ जानेवारी

ताई, नमस्कार.

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही. मी किल्लीवाला. नोव्हेंबरात दत्तकाच्या कार्यालयात आपली एकदाच भेट झाली होती. तुम्ही पोरीची, म्हणजे बटणची, पिशवी माझ्या हातात दिलीत आणि मागे वळून न बघता जिना उतरलात. तुमचा पत्ता कार्यालयातल्या बाईंकडून मागून घेतला. फोन करायचा नाही, पत्र पोरीला दाखवायचं नाही, या अटीवर त्यांनी तो दिला.

काळजीचं काही नाही. बटण बरी आहे, वजनही वाढलंय. बायकोच्या दवाखान्यात पाळ्या असतात आणि माझं दुकान घराखालीच आहे, त्यामुळे शाळा सुटली की ती दुकानात येऊन स्टुलावर बसते. कोऱ्या किल्ल्या आकाराप्रमाणे लावायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, मला हात लावू देत नाही. मागच्या महिन्यात एक किल्ली स्वतः कानशीने घासली. तीन दात नीट पडले, चौथा गेला. मी म्हटलं, "अशा दोनशे बिघडवल्या की किल्लीवाली होशील." तर म्हणते, "तुम्ही किती बिघडवल्या?" म्हटलं, "मोजल्या नाहीत." "मग दोनशे कशावरून?"

असं बोलायची हो. पण आज नऊ दिवस झाले, आमच्याशी एक शब्द बोललेली नाही. शाळेत बोलते, शेजारच्या मांजराशी बोलते, आमच्याशी मात्र नाही. जेवते, अभ्यास करते आणि बाहेरच्या दाराला पाठ लावून बसते. बायको म्हणाली, ज्यांनी दोन वर्षं सांभाळलं त्यांनाच विचारा. तुमच्याकडे असताना असं कधी झालं होतं का? काय केलंत तेव्हा?

तिच्याकडे तो पत्र्याचा छोटा डबा आहे, कुलूपवाला. त्यात काय असतं, तुम्हाला माहीत असेलच. सहज विचारलं.

तुमचा,
किल्लीवाला भाऊ

९ फेब्रुवारी

भाऊ,

पत्र मिळालं. दोन झंपर आणि एक शाळेचा गणवेश बाजूला ठेवून उत्तराला बसलेय, म्हणजे गिऱ्हाइकं उद्या माझ्या नावाने खडे फोडणार.

हो, माझ्याकडे असताना असं दोनदा झालं होतं. एकदा सतरा दिवस, एकदा सहा. तिची गोष्ट तुम्हाला फाइलीत वाचायला मिळाली असेल, पण फाइलीत सगळं एका ओळीत मावतं. ज्या घरातून तिला सोडवलं, तिथली मोठी माणसं कामाला जाताना तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावत. कधी संध्याकाळी उघडत, कधी दुसऱ्या दिवशी. आणि जाताना दर वेळी म्हणत, "हे काय, आत्ता येतो." पाच वर्षांची होती ती. कडीपेक्षा ते "आत्ता येतो" तिच्या अंगात जास्त मुरलंय. माझ्याकडे आली तेव्हा मी नुसतं "आलेच हं" म्हटलं तरी पांढरीफटक पडायची.

म्हणून सांगते. उंबऱ्यात उभं राहून तिच्याशी बोलू नका, वाट अडवल्यासारखं होतं. कुठे जाणार, कधी येणार ते खरं सांगा, उशीर होणार असेल तर उशीर होणार म्हणा. गप्प झाली की "का गं, काय झालं" असं खोदू नका, तिला स्वतःलाही ते सांगता येत नाही. तिच्या शेजारी बसून आपलं काम करत राहा. मी सतरा दिवस काजं करत बसले होते. अठराव्या दिवशी म्हणाली, "हे काज वाकडं झालंय." आणि खरंच झालं होतं.

तुम्ही रागावलात तर ते ती सोसते. खोटं मात्र सोसत नाही.

डबा मीच दिला, माझ्या सुयांचा होता. आत काय ठेवते ते मी विचारलं नाही. किल्ली तिच्या गळ्यात असते, ती तशीच असू द्या. मला वाटतं तुमच्या घरात कुलपंच फार असतील, त्याने बिथरली असेल. जरा आवरा ती.

ती माझं नाव काढते का? नसेल काढत तर तसं लिहा, मला वाईट वाटणार नाही. तिला इकडे मात्र आणू नका. कार्यालयाची तशी सूचना आहे.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमची,
ताई

१६ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी घरातल्या सगळ्या आतल्या दारांच्या कड्या काढल्या. सगळ्या म्हणजे न्हाणीघराचीसुद्धा. बायको आता आंघोळ करताना मोठ्याने गाते, म्हणजे आत कोणीतरी आहे हे कळावं. तिचा आवाज कसा आहे ते मी लिहीत नाही, पत्र तिच्या हाती लागू शकतं. परवा गाणं सुरू झालं तशी बटणने कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघून किंचित हसली. एवढंच. बोलली नाही.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. पहिल्या पत्रात दोन गोष्टी मी लपवल्या. लाज वाटली म्हणून लपवल्या आणि लपवल्याची आता जास्त लाज वाटते.

बावीस जानेवारीला, गुरुवारी, बटण शाळेतून घरी आलीच नाही. चार तास पत्ता नाही. मी दुकान उघडं टाकून गल्ल्या पालथ्या घातल्या, बायको पाळी सोडून आली. दिवस मावळताना ती स्वतःच चालत आली, बूट धुळीने माखलेले. कुठे गेली होतीस, म्हटलं, तर तोंड मिटलं ते मिटलंच. आम्ही कार्यालयाला कळवलं नाही. सहा महिन्यांचा चाचणी काळ एप्रिलअखेर संपतो, मग ती कायमची आमची. हे कळलं तर शेरा बसेल, पोरीला घेऊन जातील, असं वाटलं.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी तो डबा उघडला. तिच्या गळ्यातली किल्ली मला लागत नाही, ताई. असलं कुलूप मी वाकवलेल्या तारेने चहा निवायच्या आत उघडतो. मनाची समजूत घातली, की कुठे गेली होती त्याचा सुगावा लागेल. आत आठ-दहा बटणं, ती बिघडलेली किल्ली (चौथा दात गेलेली, मी ती भंगारात टाकली होती, तिने उचलून जपली) आणि एक दाराची किल्ली, कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली. घासून गुळगुळीत झालेली, रोजच्या वापरातली. तिच्या दातांवर ताजे ओरखडे होते. भलत्याच कुलपात घुसवलेली किल्ली मला लगेच ओळखू येते. वाटलं, आमच्याच दारांना लावून बघितली असेल. सगळं होतं तसं ठेवलं आणि कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी तिने डबा आणून दुकानाच्या फळीवर माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी काय म्हणावं? म्हटलं, "अरे वा, छान डबा आहे. काय ठेवतेस गं यात?"

आजवर वीस वर्षं लोकांची घरं उघडतोय, कोणाच्या कपाटात डोकावलो नाही. आणि त्या पोरीसमोर साळसूदपणाचा आव आणला.

परवा सकाळी दुकानाचं शटर उघडेना. कुलपात काडेपेटीची काडी मोडून घातलेली. समोरचा चहावाला सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अहो, एखादा चांगला किल्लीवाला बोलवा!" लोक हसले. मी हसलो नाही. वर जाऊन बायकोला म्हणालो, "हिला इथे राहायचंच नसेल तर आपण किती दिवस ओढायचं?" मागे वळलो तर बटण दारात.

"खोटं सोसत नाही" असं तुम्ही लिहिलंत. डबा उघडल्याचं तिला कळलं असेल का? कसं कळेल? आणि ती किल्ली कशाची, तुम्हाला काही अंदाज?

भाऊ

८ मार्च

ताई,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. माझ्यावर चिडला असाल तर तसं लिहा, मी त्या लायकीचा आहे. पण मूग गिळून बसू नका. घरात एक जण गप्प आहे तेवढं पुरे.

अठरा तारखेला कार्यालयातल्या बाई पाहणीला येणार आहेत. बायको म्हणते सगळं सांगायचं. मी म्हणतो सांगितलं तर नेतील. ती म्हणते, "लपवून ठेवलेलं पोर आपलं कसं?" पोरगी जाईल की राहील या विचाराने जीव टांगणीला लागलाय. हात कामात लागत नाहीत, काल एका गिऱ्हाइकाच्या दोन किल्ल्या बिघडवल्या. बटणने त्या उचलून भंगाराच्या डब्यात टाकल्या. त्या तिने ठेवून घेतल्या नाहीत.

भाऊ

१२ मार्च

भाऊ,

तुमच्यावर कशाला चिडू? तुमचं पत्र वाचलं आणि घडी घालून मशिनच्या खणात ठेवलं. त्याच खणात माझ्या दाराचं जुनं कुलूप पडलेलं आहे. तीन आठवडे मी तो खण उघडला नाही. दोऱ्याची नवी रिळं विकत आणली, पण खण उघडला नाही.

ती किल्ली माझ्या घराची आहे.

माझ्याकडे आजवर अकरा मुलं राहून गेली. कोणी महिनाभर, कोणी वर्षभर. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी म्हणते, "हे घर तुझंच आहे." बटणला तर हातात किल्ली देऊन म्हटलं होतं, कारण तिला बंद दाराची धास्ती होती. "ही तुझी. तुला कधीही उघडता येईल." दोन वर्षं शाळेतून आली की ती स्वतः दार उघडायची. तुमच्याकडे द्यायच्या दिवशी किल्ली परत मागायची राहून गेली. राहून गेली असं म्हणते, खरं तर मागायला तोंड नव्हतं.

आठवड्याने मी कुलूप बदललं. शेजारणीला सांगितलं, जुनं अडकत होतं. अडकत नव्हतं.

त्या गुरुवारी तीनच्या सुमारास मी कपडे बेतत होते. दारात किल्लीचा आवाज आला. माझ्या दाराला किल्ली लावणारं दुसरं कोण आहे? दाराच्या भिंगातून पाहिलं तर फक्त तिचा भांग दिसला, वाकडा, नवख्या हाताने काढलेला. दोन बस बदलून एवढीशी पोर एकटी आली होती. किल्ली अर्धी आत जायची आणि अडायची. ती काढायची, फ्रॉकला पुसायची, पुन्हा लावायची. हाक मारली नाही. दार वाजवलं नाही. तिला वाटत होतं चूक तिच्या हातात आहे, भाऊ. कुलूप बदललं असेल असं तिच्या मनातही आलं नसावं, निदान पहिली दहा मिनिटं.

मी आत कडीवर हात ठेवून उभी होते. उघडली नाही.

कार्यालयाने सांगितलंय की सुरुवातीचे सहा महिने जुन्या घरी भेट नको, असं मी तुम्हाला लिहिलं. कार्यालयाचं नाव पुढे करणं सोपं असतं. खरं असं की एकदा तिला सोपवून जिना उतरले, ते दुसऱ्यांदा जमलं नसतं. दार उघडलं असतं तर मी तिला ठेवून घेतलं असतं, मग तुम्ही, वहिनी, कार्यालय, सगळ्यांशी भांडत बसले असते. स्वतःला घाबरून मी त्या लेकराला बाहेर उभं केलं. बाहेरून कडी लावणाऱ्यांना मी दोन वर्षं नावं ठेवली. मी आतून लावली, एवढाच फरक.

ती गेल्यावर खिडकीच्या पडद्याआडून ती बसमध्ये चढेपर्यंत पाहिलं. आणि पुन्हा कपडे बेतायला बसले. बाही उलटी लावली गेली.

मग तुमचं पहिलं पत्र आलं आणि मी तुम्हाला शहाणपण शिकवलं. कुलपं आवरा म्हटलं. हे लिहिताना तोंड कुठे लपवावं कळत नाही.

बाई पाहणीला आल्या की माझंही सांगा. यापुढे माझ्याकडे मूल द्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

ताई

२१ मार्च

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी संताप आला. खोटं कशाला लिहू? दुकानात दोन फेऱ्या मारल्या. मग लक्षात आलं, की तुम्ही दार उघडलं नाहीत आणि मी उघडू नये ते उघडलं, आणि दोघांनीही तिच्या तोंडावर साळसूदपणा केला. मग कोणावर रागवायचं?

सतरा तारखेला, बाई यायच्या आदल्या दिवशी, बटण दुकानात किल्ल्या लावत होती. मी कानस चालवत राहिलो, तिच्याकडे न बघता म्हटलं, "तुझा डबा मी उघडला होता. तू शाळेत असताना, तारेने. नंतर तू समोर ठेवलास तेव्हा खोटं बोललो. चुकलो मी."

तिने हातातली किल्ली जागेवर लावली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

चोपन्न दिवसांनी तिचा आवाज ऐकला आणि तो हा.

"कसं कळलं गं?"

"तुम्ही तेल घातलंत."

ताई, मी हातातली कानस खाली ठेवली. ते कुलूप गंजलेलं होतं, करकरायचं. कुठलंही कुलूप हातात आलं की उघडल्यावर मी एक थेंब तेल सोडतो. वीस वर्षांची सवय, डोक्याला विचारत नाही. सगळं जसंच्या तसं ठेवलं म्हणून मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, आणि तिच्या कुलपाचा आवाजच मी पुसून टाकला होता.

"आधी दोन वेळा अडकायचं," ती म्हणाली. "मग उघडायचं. ते माझं होतं."

मी म्हटलं, "आणि त्या दिवशी वर जे बोललो, ओढायचं वगैरे, ते मी रागात बोललो. तुला कुठेही पाठवायचं माझ्या मनात नाही. पण उद्या बाई येणार, त्यांना सगळं सांगणार. त्या काय ठरवतील ते मला माहीत नाही. तू राहशीलच असं वचन देत नाही, कारण ते माझ्या हातात नाही."

तिने मान डोलावली. "काडी मी घातली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"एवढं नीट काम चहावाल्याला जमणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चार पानं लिहिली, एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं संपलं. शेवटी म्हणाल्या, चाचणी काळ तीन महिन्यांनी वाढवते, दर पंधरा दिवसांनी स्वतः येणार, आणि मुलांच्या मनाचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे तिघांनी जायचं. तिघांनी, मुलीने एकटीने नव्हे. बायको रडली. मी आत जाऊन न्हाणीघरात उभा राहिलो, तर कडीच नव्हती.

तुमचंही सांगितलं. बाई तुम्हाला वेगळं लिहितील. भेटीची आडकाठी त्यांनी काढली आहे.

आता माझं ऐका. बटणला पत्र लिहू नका, खाऊ पाठवू नका. तुमच्या खणातलं ते जुनं कुलूप बाहेर काढून ठेवा. रविवारी हत्यारं घेऊन येतो. ती बरोबर येईल की नाही ते तिच्यावर. कुलूप तुम्हीच बदलल्याचं मी तिला सांगितलंय. "मग माझा हात चुकत नव्हता?" एवढंच विचारलं.

भाऊ

३० मार्च

भाऊ,

काल तुम्ही बाहेरच्या बाजूला होतात म्हणून आतलं लिहिते.

तुम्ही कुलूप बसवून बाहेर गेलात आणि दार ओढून घेतलंत. सांगितल्याप्रमाणे मी मशिनपाशी बसून राहिले. उठायचं नाही, उघडायचं नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले होते, लहान मुलं ठेवतात तसे. किल्लीचा आवाज आला. एकदाच, आणि दार उघडलं.

मला वाटलं आत येईल. आली नाही. दार ओढून घेतलं, पुन्हा उघडलं. असं तीनदा. तुम्ही जिन्यावर खोकलात तेवढंच. मग उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "तू घरात होतीस का त्या दिवशी?"

भाऊ, तेव्हाही जिभेवर खोटंच आलं होतं. बाजारात गेले होते, असं. इतकं सहज.

म्हटलं, "होते."

"पडदा हलला होता," ती म्हणाली. "मला वाटलं वारा असेल." मग पडद्याकडे बघून, "वारा नव्हता."

"मी होते. मी घाबरले. तुझी काही चूक नव्हती."

ती किल्लीकडे बघत राहिली. मग दार लावून घेतलं, बाहेरून, आणि तुमच्या दोघांच्या पायांचा आवाज खाली गेला. मी बसून राहिले. मला माफ केलं असं तिने म्हटलं नाही आणि मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर ते ओझंही तिच्याच डोक्यावर दिलं असतं.

किल्ली ती घेऊन गेली. तुम्हाला ते दिसलंच असेल. मला जास्त काही नको.

भांग आता सरळ निघतोय. वहिनींना सांगा.

ताई

६ एप्रिल

मावशी,

काका म्हणाले हे पत्र ते वाचणार नाहीत. पाकीट मी बंद केलं.

या रविवारी मी येणार नाही. पुढच्या येईन की नाही ते ठरवलेलं नाही. येणार असले तर आधी कळवीन. कुलूप बदलू नकोस. बदलायचं असेल तर आधी सांग.

काकूंना न्हाणीघराला कडी लावून दिली, आतून. स्क्रू मी पिळले. तरी त्या गातात.

डब्याचं कुलूप परत करकरायला लागलंय. काल काकांनी तेलाची बाटली हातात घेतली आणि विचारलं, घालू का? मी नको म्हटलं. त्यांनी घातलं नाही.

बटण